चाळीस खुर्च्या, एकशे साठ पाय

आलापल्लीच्या चौकातून एक रस्ता अहेरीकडे, एक भामरागडकडे आणि एक सिरोंच्याकडे जातो. आमचे मामेभाऊ त्याच गावात तीस वर्षांपासून किराणा आणि कापडाचा व्यापार करीत आहेत. गतवर्षी मामींच्या स्मरणार्थ त्यांनी तेथील एका शाळेस चाळीस खुर्च्या अर्पण केल्या. खुर्च्या चंद्रपूरहून आमच्याच दुकानातून गेल्या. पोकळ लोखंडी नळीची चौकट, प्लायची बैठक, पाठीवर पांढऱ्या रंगात मामींचे नाव. भाव आम्ही घरचाच लावला होता. त्यामुळे मनात थोडे समाधानही होते.

दिवाळीनंतर तेथे जाण्याचा योग आला. भाऊंनी मोठ्या हौसेने शाळा दाखवायला नेले. मुख्याध्यापिका बाई अत्यंत सौजन्यशील. चहा झाला, आभार झाले, आणि मग काहीशा संकोचाने त्या म्हणाल्या, “भाऊ, राग मानू नका. मुले सतरंजीवर बसत होती, तेव्हा मागच्या मुलांना माझे बोलणे जास्त ऐकू येत होते.”

भाऊंचा चेहरा उतरला. आम्ही वर्गाच्या दाराशी जाऊन उभे राहिलो. तास संपला आणि चाळीस मुले एकदम उठली. त्या वेळी जो कर्कश नाद उठला, त्याने आमच्या घरच्या भावाचे समाधान तिथल्या तिथे विरून गेले. फरशीवर पाहावे तर दारापासून फळ्यापर्यंत काळ्या रेघा आणि अर्धचंद्राकृती ओरखडे. खुर्चीच्या पायाखाली कारखान्याने बसविलेली प्लास्टिकची पातळ टोपी बहुतेक ठिकाणी फाटून नळीची धार बाहेर आली होती. माल आम्ही दिला होता. बैठक पाहिली, रंग पाहिला, जोड पाहिले. पाय उलटे करून कोणी पाहिले नव्हते.

हा आवाज होतो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. खुर्ची ओढली जाते तेव्हा पाय सरळ घसरत नाही. तो क्षणभर अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. एका सेकंदात हे शेकडो वेळा घडते. सारंगीच्या तारेवर गज फिरतो किंवा फळ्यावर खडू किंचाळतो, तेव्हा हेच घडत असते. पोकळ नळी तो कंप वाढविते, फरशी तो पसरविते, आणि उघड्या भिंती व पत्र्याचे छत तो परत वर्गात फेकतात. जुन्या सागवानी बाकांचा असा आवाज होत नसे. एक तर ते जड असत व रोज सरकत नसत. शिवाय लाकूड कंप पुष्कळसा स्वतःत जिरवते. वनवैभवाच्या राखीव तुकड्यामुळे, 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालेल्या त्या सहा हेक्टर अरण्यामुळे, ज्या गावाचे नाव सागवानासाठी दूरवर गेले, त्याच गावाच्या शाळेत आम्ही लोखंडी नळी पाठविली. पण सागवानाचा आजचा दर पाहता भाऊंना दोष देता येत नाही.

बाईंनी जी गोष्ट सांगितली ती मात्र आवाजापेक्षा गंभीर होती. वर्गात घरी मराठी बोलणारी मुले निम्मीही नाहीत. काही घरी माडिया बोलतात, काही गोंडी, काही तेलुगू. आपल्या मातृभाषेत एखादा शब्द ऐकू आला नाही तरी संदर्भावरून मन तो भरून काढते. जी भाषा अजून शिकणे चालू आहे, तिच्यात हे साधत नाही. शब्द गेला की वाक्य जाते, वाक्य गेले की मूल गप्प बसते, आणि आपण म्हणतो, हे मूल मंद आहे. बाई म्हणाल्या, “मागच्या बाकावरची माडिया मुले पुन्हा विचारीत नाहीत हो. लाजतात.”

जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज 35 डेसिबलपेक्षा अधिक नसावा, असे म्हटले आहे. शिक्षकाचा आवाज त्याहून साधारण पंधरा डेसिबलने वर असला, तर मुलांना शब्द स्पष्ट कळतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने घटतो. बंद खोलीत तो इतका घटत नाही, परंतु प्रतिध्वनीने शब्द पुसट होतात. म्हणजे मागच्या रांगेतल्या मुलाच्या वाट्याला आधीच कमी येते, आणि त्यातही शेजारची खुर्ची करकरते.

उपाय म्हणून आम्ही प्रथम चिकट पाठीच्या नमद्याच्या, म्हणजे फेल्टच्या, गोल चकत्या पाठविल्या. आठवडाभर वर्गात इतकी शांतता होती की भाऊंनी दूरध्वनी करून अभिनंदन केले. मग रोजच्या ओल्या पोछ्याने गोंद सुटला आणि चकत्या झाडूबरोबर कचऱ्यात गेल्या. ज्या टिकल्या त्यांत वाळू रुतून बसली. वाळूतील गारगोटीचा कण काचेलाही ओरखडा पाडतो. शहाबादी किंवा कोटा फरशी तर चुनखडीचा मऊ दगड. वाळू रुतलेला नमदा म्हणजे पॉलिश-कागदच. नमदा वाईट नाही. घरातील लाकडी खुर्चीला, मधोमध खिळा असलेला, उत्तम चालतो. मातीच्या अंगणातून मुले येतात त्या वर्गात तो चालत नाही. स्थानिक सुताराने चामड्याच्या चकत्या सुचविल्या होत्या. आपल्या घरात तो पर्याय विचारातही येत नाही, हे त्याला वेगळे सांगावे लागले नाही. भाऊंकडे पाहून तो स्वतःच हसला.

त्यानंतर मुलांनी स्वतःच शक्कल लढविली. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून पायांना बांधले. आवाज थांबला, पण काळ्या रबरातील काजळीने फरशीवर आणखी रेघा उठल्या. तरीही त्या मुलांचे मला कौतुक वाटते. आम्ही व्यापारी असून आमची पहिली युक्ती त्यांच्याहून महाग आणि कमी टिकाऊ ठरली.

अखेरीस जे टिकले ते असे. पायाच्या नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून खूण करावी आणि पट्टीची लांबी 3.14 ने भागावी. आमची पट्टी 79 मिलिमीटर भरली, म्हणजे नळी 25 मिलिमीटरची. बरोबर त्याच मापाचे, करड्या रंगाचे, डाग न पाडणारे जाड रबरी बूट घ्यावेत; बाजारात यांनाच बुश म्हणतात. सैल बुश महिन्यात गळतो. बुशाच्या तळाशी नळीच्या मापाचा लोखंडी वायसर टाकावा, म्हणजे नळीची धार रबर कापीत नाही. हा वायसर फार थोडे लोक टाकतात आणि मग बुशाला नावे ठेवतात. बसविण्यापूर्वी कानशीने नळीची धार मोडावी. बुश गरम पाण्यात थोडा वेळ ठेवला की सहज चढतो. चाळीस खुर्च्यांचे एकशे साठ पाय मुलांनी आणि आम्ही मिळून दीड दिवसात पूर्ण केले. दाराशी काथ्याचे मोठे पायपुसणे टाकले, कारण वाळू आत आली नाही तर निम्मे ओरखडे पडतच नाहीत.

जुने काळे डाग साध्या खोडरबराने किंवा खाण्याच्या सोड्याच्या ओल्या लेपाने निघाले. ॲसिड मात्र कदापि वापरू नये. चुनखडीचा दगड ॲसिडने विरघळतो. डाग जातो आणि त्याबरोबर फरशीची चकाकीही जाते.

येथे एक वेगळे मतही नोंदविले पाहिजे. डॉ. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोम येथे पहिले बालगृह उघडले, तेव्हा मुलांना उचलता येतील अशा हलक्या खुर्च्या मुद्दाम करवून घेतल्या. खुर्ची आदळली, आवाज झाला, की मुलाला आपली चूक कोणी न सांगता कळते, असे त्यांचे म्हणणे. खुर्ची आवाज न करता उचलून नेणे हा त्यांच्याकडे एक स्वतंत्र पाठच होता. ताराबाई मोडक यांनी हा विचार महाराष्ट्रात रुजविला आणि 1945 पासून बोर्डीच्या परिसरात, आदिवासी मुलांमध्ये, महागड्या साधनांऐवजी आसपासच्या वस्तू घेऊन तो राबविला. त्या दृष्टीने पाहिले तर बुश लावणे म्हणजे मुलाचा एक शिक्षक काढून घेणे होय. आमची आजीही पाट ओढू देत नसे. “उचलून ठेव, खाली जीव असेल,” म्हणे. मला हे मत पटते, पण चाळीस मुलांच्या वर्गात ते एकटे पुरे पडत नाही. चौथीतल्या मुलाला ती नळीची खुर्ची उचलणे जड जाते, आणि धडा शिकेपर्यंत मागच्या मुलीचे व्याकरण बुडते. बाईंनी दोन्ही केले. बुश लावले, आणि सुट्टीपूर्वी एक-एक रांग उठून दोन्ही हातांनी खुर्ची उचलून ठेवील, असा नियमही केला.

फेब्रुवारीत पुन्हा गेलो तेव्हा तास संपताना दाराशी उभा राहिलो. आवाज होता, पण तो मुलांचा होता. मागच्या रांगेतील एका मुलीने बाईंना काहीतरी विचारले; प्रश्न मला नीटसा कळला नाही, बाईंना कळला. भाऊ मामींच्या नावाकडे पाहत होते, काही बोलले नाहीत.

आता आमच्या दुकानातून खुर्ची जाते ती पाय उलटे करून पाहिल्यावरच, आणि शाळेसाठी असेल तर डझनभर जादा बुश व वायसर डब्यात घालून. आलापल्लीचा डबा सातवीच्या मुलांच्या ताब्यात आहे; दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते सर्व पाय तपासतात. मोजणीत एक चूक मात्र राहून गेली. बाईंची स्वतःची खुर्ची त्या चाळीसांत नव्हती, तिची नळीही निराळ्या मापाची. ती अजून करकरते. तिचे चार बुश या आठवड्याच्या पार्सलात टाकायचे आहेत.