छोट्या शाळेचा मोठा पसारा

अमेरिकेच्या मेन राज्यात 1973 साली पामेला वुड या शिक्षिकेने शाळकरी मुलांना मच्छीमार आणि शेतकऱ्यांच्या दारी त्यांच्या गोष्टी टिपायला पाठवले. त्यातून ‘सॉल्ट’ हे नियतकालिक निघाले आणि पुढे पोर्टलंडमध्ये त्याच नावाची संस्था उभी राहिली.

तिथे माहितीपर छायाचित्रण, लेखन आणि रेडिओ शिकवत. रॉब रोझेन्थाल यांनी रेडिओचे वर्ग बरीच वर्षे घेतले. यंत्र चालवणे कोणीही दाखवेल. समोरचा माणूस गप्प झाला की आपणही गप्प बसायचे, हे शिकवायला मुरलेला शिक्षकच लागतो. (वाहिन्यांवरच्या निवेदकांनाही हा वर्ग सक्तीचा करावा!)

पैशाअभावी 2015 मध्ये संस्थेला टाळे लागायची वेळ आली. 2016 मध्ये मेन कॉलेज ऑफ आर्टने तिला सामावून घेतले. अशा शाळा ताळेबंदात तोट्याच्याच दिसणार. मोठ्या महाविद्यालयांनी त्यांचा भार उचलायलाच हवा.