संगणकाच्या भाषांचें भाषांतर

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनें तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर डोळे शिणविले. आजच्या विद्यार्थ्याच्या वांट्यास निराळेंच भाषांतर आलें आहे : पायथॉन भाषेंत लिहिलेला प्रोग्राम सी भाषेंत उतरविण्याचें. हें काम आतां यंत्राकडून क्षणार्धांत करून घेतां येतें. विद्यार्थी तें वहींत डकवून निश्चिंत होतो, आणि मुलाची प्रगति पाहून पालकही संतुष्ट होतात. हा संतोष अकालीं आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मराठी भाषांतर चुकलें तर वाक्य कानाला खटकतें. संगणकाच्या भाषेंत तसें होईलच असें नाहीं. घड्याळाचेंच उदाहरण घ्या. आतां पांच वाजले आहेत. सात तासांपूर्वीं किती वाजले होते? पांचांतून सात वजा करावे, आलेल्या उणें दोनास बारांनीं भागावें व बाकी घ्यावी, अशी आज्ञा आपण लिहितों. पायथॉनमध्यें उत्तर येतें १०, आणि तें बरोबर आहे. तीच आज्ञा, त्याच चिन्हानें, सी भाषेंत लिहिली तर उत्तर येतें −२! असें घड्याळ कोणीं पाहिलें आहे? वास्तविक दोन्ही भाषा आपापल्या नियमानें शुद्धच वागल्या; ऋण संख्येच्या बाकीविषयीं त्यांचे संकेत भिन्न, इतकेंच. प्रोग्राम कोठें अडत नाहीं, चुकीची सूचना येत नाहीं. शिवाय, नवाच्या सात तास आधीं किती वाजले होते असें विचारणाऱ्यास दोहोंकडून २ हेंच उत्तर मिळतें, आणि त्याची खात्री पटते. एकाच भाषेच्या दोन आवृत्त्यांतही हा धोका आहे : पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तींत साताला दोनांनीं भागिलें तर ३ येत, २००८ सालीं निघालेल्या तिसरींत त्याच चिन्हानें ३.५ येतात.

या बाबतींत अमेरिकेंतील डोनाल्ड कनूथ यांचा कित्ता गिरविण्यासारखा आहे. गणिताच्या पुस्तकांची सुबक अक्षरजुळणी करणारा ‘टेक’ हा प्रोग्राम त्यांनीं प्रथम सेल नामक भाषेंत रचला, व १९८२ मध्यें पास्कलच्या आधारें नव्यानें लिहिला. पुढें तो सी भाषेंत उतरविण्यासाठीं मुद्दाम एक रूपांतरक प्रोग्रामच योजण्यांत आला. तेव्हां यंत्रानें केलेल्या भाषांतरास आमचा विरोध आहे, असें कोणीं समजूं नये. परंतु कनूथ यांनीं ‘ट्रिप’ नांवाची एक कसोटीही दिली आहे. तिच्यांतील मजकूर कोणीही शहाणा मनुष्य छापावयास घेणार नाहीं इतका वेडावांकडा आहे. कारण एरवीं ज्यांकडे कोणी फिरकत नाहीं ते प्रोग्रामचे कोनेकोपरे धुंडाळणें हाच तिचा हेतु. ज्या रूपांतराचें उत्तर, ठराविक क्षुल्लक फरक वगळतां, मूळाशीं जुळत नाहीं, त्यास ‘टेक’ हें नांव धारण करण्याचा अधिकार नाहीं.

कोणी म्हणेल, कसोटीचे प्रश्नही यंत्राकडूनच काढून घ्यावे. खुशाल घ्यावे, पण त्या प्रश्नांचें खरें उत्तर काय असावें, हें ठरविणारा विद्यार्थीच असला पाहिजे. म्हणून शिक्षकांनीं दहांपैकीं तीन गुण भाषांतरास ठेवावे आणि सात कसोटीस : शून्य घातलें काय, ऋण संख्या घातली काय, रिकामी यादी घातली काय, हें पाहूनच ते द्यावे. पालकांनींही मुलास, “प्रोग्राम चालला का?” असें न विचारतां, “जुन्याला व नव्याला तूं कोणते प्रश्न घातलेस?” असें विचारावें.