सर्व्हरचे कपाट आणि माणसाचा जीव

अमरावतीजवळ राष्ट्रीय महामार्गालगत वसलेल्या नांदगाव पेठेचे नाव आता औद्योगिक वसाहतीमुळे राज्यभर घेतले जाते. प्रत्येकी २७० मेगावॉटचे पाच संच असलेला १३५० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प येथे उभा आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजी एक हजार एकरांच्या ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणीही झाली. कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडात कापडाचे कारखाने यावेत, ही जुनी आकांक्षा आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु उद्योगाबरोबर जे धोके येतात, त्यांतील चिमणी आणि बॉयलर डोळ्यांना दिसतात. एक धोका मात्र बंद खोलीत असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. तो म्हणजे संगणकांच्या सर्व्हरचे कपाट, म्हणजेच रॅक.

हे कपाट आता केवळ कारखान्यात राहिलेले नाही. सहकारी बँक, रुग्णालय, महाविद्यालय, वीजमंडळाचे कार्यालय, सर्वत्र ते पोहोचले आहे. शिक्षकाचे वेतनदेयक, विद्यार्थ्याची गुणपत्रिका आणि शेतकऱ्याच्या खात्यातील रक्कम त्याच्याच भरवशावर असते. १९ इंच रुंदीची यंत्रे बसविण्यासाठी केलेल्या या लोखंडी सांगाड्यात साधारणतः ४२ कप्पे असतात आणि एक कप्पा पावणेदोन इंच उंचीचा असतो. दोन कप्पे व्यापणाऱ्या एका सर्व्हरचे वजन पंचवीस-तीस किलो भरते. अशी वीस यंत्रे आणि सांगाडा मिळून भार सात क्विंटलांच्या घरात जातो. सात क्विंटल कापूस म्हणजे काय, हे वऱ्हाडातील वाचकाला सांगावयास नको. फरक इतकाच की, हा भार दोन हात रुंदीच्याही आत सहा-साडेसहा फूट उंच उभा असतो.

म्हणूनच या कामाचा पहिला नियम साधा आहे. कपाट जमिनीशी किंवा शेजारच्या कपाटांशी पक्के जखडल्याशिवाय त्यात काही भरू नये. जड वस्तू तळाशी आणि हलक्या वर, या क्रमाने खालून वर भरत जावे. सरकपट्ट्यांवरचे एक यंत्र बाहेर ओढलेले असताना दुसरे ओढू नये. तसे केल्यास गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि सारे कपाट समोरच्या माणसावर येते. यंत्र उचलताना दोन माणसे हवीत. उंचावर चढवायचे तर उचलयंत्र हवे. यात गूढ असे काहीच नाही. तरीही प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभा राहून एकटाच सर्व्हर चढविणारा मुलगा कोणत्याही गावात दिसू शकतो.

दुसरा धोका विजेचा. बहुतेक सर्व्हरना दोन बाजूंनी वीजपुरवठा असतो. एक तार काढली म्हणजे यंत्र निर्जीव झाले, हा समज जीवघेणा ठरू शकतो. यूपीएसच्या बॅटऱ्या तर मुख्य बटण बंद केल्यावरही भारित राहतात; त्यांना हात लावण्यापूर्वी अंगठी, घड्याळ, हातातले कडे उतरवून ठेवले पाहिजे. भूसंपर्कनाचा, म्हणजे अर्थिंगचा, प्रश्न वऱ्हाडात विशेष महत्त्वाचा आहे. येथील काळी जमीन उन्हाळ्यात सुकून भेगाळते. माती कोरडी पडली की तिचा विद्युतरोध वाढतो आणि पावसाळ्यात समाधानकारक वाटलेले अर्थिंग एप्रिल-मे महिन्यांत निकामी ठरते. त्याची मोजणी उन्हाळ्यातच व्हावयास हवी.

उष्णतेचेही तसेच. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांच्या दरम्यान असावी, अशी ‘आश्रे’ या अमेरिकेतील अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. बाहेर पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना वातानुकूलन बंद पडले, तर बंद खोली काही मिनिटांत तापते. मग दार उघडून टेबलपंखा लावण्याचा उपाय होतो आणि वस्त्रोद्योगाच्या परिसरात हवेबरोबर तंतूंची धूळही आत जाते.

निष्काळजीपणाची किंमत किती मोठी असू शकते, हे दक्षिण कोरियाने अनुभवले आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील शासकीय माहिती केंद्रात लिथियम-आयन बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असताना आग लागली. ६०० हून अधिक शासकीय संगणकप्रणाली बंद पडल्या, आणि दुसरी प्रत ठेवलेली नसल्यामुळे सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामाईक साठ्यातील फायली कायमच्या नष्ट झाल्या. प्रगत राष्ट्राची ही गत, तर जिन्याखालच्या खोलीत कपाट ठेवणाऱ्या संस्थांनी काय समजावे?

या साऱ्याच्या मुळाशी अर्थकारण आहे. काम सर्वांत कमी दराच्या निविदेला मिळते. यंत्राची किंमत ठरलेली असल्यामुळे ठेकेदाराला काटछाट करता येते ती माणसांत: दोघांच्या जागी एक, प्रशिक्षिताच्या जागी शिकाऊ. वाचलेला पैसा संस्थेचा आणि ठेकेदाराचा. धोका मात्र ज्याचा करारात उल्लेखही नाही, त्या मुलाचा. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली खरी; परंतु ती सामान्यतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना आणि तिच्यातील कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पन्नास किंवा अधिकांना लागू होतात. चार मुले घेऊन गावोगाव फिरणारा ठेकेदार या चाळणीतून सहज निसटतो.

यावर उपाय अवघड नाहीत. निविदेत सुरक्षेचा खर्च स्वतंत्र बाब म्हणून दाखवावा आणि त्यावर दराची स्पर्धा होऊ देऊ नये. काम करणाऱ्यांची संख्या, अर्थिंगच्या मोजणीचा दाखला आणि वीज खंडित केल्याची लेखी नोंद यांशिवाय देयक मंजूर करू नये. हे अधिकार कार्यालयातील लिपिकाच्या आणि महाविद्यालयातील खरेदी समितीच्या हातात आजही आहेत. त्यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री आणि तारतंत्री यांच्या शिक्षणात या कामाचे प्रात्यक्षिक आले, तर वऱ्हाडातील मुलांना हक्काचा रोजगारही मिळेल.

सर्व्हर जळाला तर नवा घेता येतो. माहितीची दुसरी प्रतही ठेवता येते. कपाटाखाली सापडलेल्या माणसाची दुसरी प्रत नसते. वस्त्रोद्योगाचे नवे पर्व सुरू होत असताना खरेदीच्या कागदांवर सही करणाऱ्या प्रत्येकाने एवढे ध्यानात ठेवावे.