तांब्याची तार गेली, बिल मात्र राहिलं!



सोसायटीच्या कचेरीतली जुनी तांब्याची तार गेली नि फायबर आला. नेट जोरात चालू लागलं, मासळीचे पैसे क्यूआरवर झटपट जमा होऊ लागले. सगळे खूश. महिना भरला आणि बिलं आली दोन! एक फायबरचं, दुसरं त्या मेलेल्या तारेचं. विचारलं तर उत्तर काय? "अगोदर भरा, मागाहून बघू."

आमचं मत स्पष्ट आहे. असं बिल मुकाट्याने भरणं चूक, आणि रागाने फाडून टाकणं त्याहून मोठी चूक.

घोळ होतो कुठे, तर वायरमन तार काढतो पण कंपनीच्या कॉम्प्युटरवर जुनं खातं चालूच राहतं. फायबरला नवा खाते क्रमांक मिळतो. जुनं खातं बंद करायची ऑर्डर कोणी टाकलीच नाही, तर भाडं चढत राहतं. त्यात बँकेतून ऑटो डेबिट असेल तर पैसे कापले गेल्याचंही कळत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा रकमेसाठी कशाला खटाटोप? समजा भाडं महिना 500 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590. वर्षाचे झाले 7,080. हा पैसा चेअरमनचा नाही, सभासदांचा आहे. ऑडिटला उत्तर आपल्यालाच द्यायचं आहे.

म्हणून सेक्रेटरींनी एवढं करावं. जुनं खातं बंद करण्याचा अर्ज लेखी द्यावा, शिक्क्याची प्रत ठेवावी. जुना मोडेम परत केल्याची पावती घ्यावी. फायबरचं बरोबर असलेलं बिल वेळेवर भरावं, नाहीतर लाईन कापली जाईल. चुकीच्या बिलाची तक्रार कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवून डॉकेट नंबर लिहून ठेवावा. चूक मान्य झाली तर नुसत्या "पुढच्या बिलात बघू" वर थांबू नये, जीएसटीसकट क्रेडिट नोट मागावी. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावं. ट्रायच्या 2012 च्या नियमांनी ही सोय दिली आहे, अपिलाला फी नाही.

त्यापुढे ग्राहक हेल्पलाईन 1915 आहे. टेलिकॉमची तक्रार ग्राहक आयोगाकडे नेता येते, हे सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. 2019 च्या ग्राहक कायद्यात 'व्यक्ती' या शब्दात सहकारी संस्थाही येते. मात्र "कनेक्शन धंद्यासाठी आहे" असा आक्षेप कंपनी घेऊ शकते. तेव्हा कागद पहिल्यापासून पक्के हवेत.

आता मूळ प्रश्न. नवी लाईन सुरू झाली त्याच दिवशी जुनं खातं आपोआप बंद का होऊ नये? तार काढायला माणूस येतो, मग खातं बंद करायला ग्राहकाने खेपा का घालायच्या? ही जबाबदारी कंपनीचीच असायला हवी, आणि संस्थांनी मिळून तशी मागणी करायला हवी.

1 जून ते 31 जुलै बंदी असते. होड्या वर, कचेरी शांत, पण बिलं येतच राहतात. त्या दिवसांत जाळी तपासतो तशी गेल्या वर्षाची फोनबिलंही एकदा तपासूया.