जुन्या मोटारींत नवें इंजिन

जुन्या मोटारींत नवें इंजिन बसवूं पाहणारे हौशी गृहस्थ प्रथम एवढेंच पाहतात कीं, बॉनेट मिटतें कीं नाहीं. इंग्लंडांत १९६४ सालीं निघालेली सनबीम टायगर गाडी या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. चार सिलिंडरांच्या आल्पाइन गाडीच्या अंगांत फोर्डचें आठ सिलिंडरांचें इंजिन कोंबण्यांत आलें. तें मावलें खरें. परंतु एका स्पार्क प्लगपर्यंत हात पोंचावा म्हणून इंजिन व बैठक यांमधील पत्र्यास भोंक पाडून त्याला रबरी बूच लावावें लागलें!

जागेची अडचण निदान डोळ्यांस दिसते. दिसत नाहीं तो इंजिनाचा कल. इंजिनाची गति मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा दोन युनिव्हर्सल जॉइंटांनीं जोडलेला असतो. इंजिन एकसारखें फिरत असलें, तरी कोनांत वांकलेल्या जॉइंटापलीकडील दांडा प्रत्येक फेऱ्यांत दोनदां जलद व दोनदां मंद होतो. दुसरा जॉइंट हा दोष फेडतो, पण केव्हां? गिअरबॉक्सचा व डिफरन्शियलचा दंड परस्परांस समांतर असतील तेव्हां. इंजिन मागें तीन अंश उतरतें ठेवलें, तर डिफरन्शियलचें तोंडही तितकेंच वर पाहिजे. नाहींपेक्षां वेग वाढतांच गाडी थरथरूं लागते, जॉइंट झिजतात, आणि बोल मात्र बिचाऱ्या नव्या इंजिनास लागतो.

हें माप गाडी जॅकवर टांगून घेणें व्यर्थ होय; चारी चाकें जमिनीवर टेकलेलीं व स्प्रिंगांवर नेहमींचा भार असतांनाच तें घ्यावें. तोंवर इंजिनाच्या बैठका पक्क्या वेल्ड न करतां नुसते टाके मारून ठेवावे.