चाल एक, पदें अनेक

गेल्या महिन्यांत या सदरांत मुलांच्या पाठांतराविषयीं लिहिलें होतें. त्यावर एका भगिनींनीं पत्र पाठवून विचारलें आहे कीं, मास्तरांच्या घरीं कधीं कांहीं नवें घडतच नाहीं काय? घडतें, ताई, घडतें. या खेपेस जें घडलें तें तर इतकें नवें होतें कीं, सांगावें कीं न सांगावें या विचारांत माझे चार दिवस गेले.

माझ्या धाकट्या बंधूंचा मुलगा नोकरीनिमित्त सहा वर्षें लंडनला होता. तो गेल्या वैशाखांत सांगलीस परत आला. सामानांत कपडे थोडे आणि ग्रामोफोनच्या तबकड्या फार! कांहीं सात इंची, कांहीं बारा इंची. माडीवरच्या खोलींत त्यानें यंत्र जोडलें आणि पहिल्याच संध्याकाळीं देवघरांतील पळी पंचपात्रांत थरथरूं लागली. कुटुंबास कोयनेच्या भूकंपाची आठवण झाली. मी जिन्यांतूनच ओरडलों, "बंद कर तें!" त्यानें मुकाट्यानें बंद केलें. दुसरे दिवशीं तो एकच तबकडी घेऊन खालीं आला आणि म्हणाला, "अण्णा, पांच मिनिटें द्या. आवाज हळू ठेवतों. आवडलें नाहीं तर तुमच्या देखत पुन्हां लावणार नाहीं." परीक्षा घ्या म्हणून आपण होऊन पुढें येणाऱ्या विद्यार्थ्याला नाहीं म्हणणें मास्तराला जड जातें. मी बसलों.

प्रथम वाटलें, वादकांचें कांहीं तरी चुकत आहे. आपल्या कानाला संवय समेची. त्रिताल असो कीं केरवा, सम आली कीं मान हालावयाची आणि हात मांडीवर पडावयाचा. येथें चार मात्रांचें आवर्तन, आणि पहिलीच मात्रा रिकामी! पडघमाचा भारी ठोका तिसऱ्या मात्रेवर; गिटारीचा तुटक झंकार दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर; आणि खालीं मंद्र सप्तकांत बेस गिटार एखाद्या वडीलधाऱ्या माणसाप्रमाणें मोजकेंच बोलत असते. या ठेक्यास तिकडे 'वन ड्रॉप' म्हणतात. बॉब मार्ली याच्या साथीदारांपैकीं कार्लटन बॅरेट हा तो वाजविण्यांत नामांकित होता. समेवर मौन पाळूनहि सम कळविणें ही कांहीं सामान्य कला नव्हे. पांच मिनिटांचा अर्धा तास केव्हां झाला हें मला कळलें नाहीं.

या संगीताचें नांव रेगे, आणि त्याची जन्मभूमि जमैका. कॅरिबियन समुद्रांतील हें बेट सुमारें ११ हजार चौरस किलोमीटरचें, म्हणजे आपल्या पुणें जिल्ह्याहूनहि लहान. आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज तेथें बहुसंख्य आहेत. गुलामगिरी १८३८ सालीं पूर्णपणें संपली आणि उंसाच्या मळ्यांना माणसें कमी पडूं लागलीं. तेव्हां १८४५ पासून १९१७ पर्यंत सुमारें ३६ हजार भारतीय मजूर कराराने तेथें नेले गेले. तेथील बोलींत 'गांजा' हा शब्द रूढ झाला तो याच मार्गानें. आपल्या भाषेंतील एवढे शब्द असतां नेमका हाच समुद्र ओलांडून गेला, याचें मला थोडें वैषम्य वाटलें, हें लपवीत नाहीं.

१९६२ च्या ६ ऑगस्टला बेट स्वतंत्र झालें. घरोघरीं वाद्ययंत्र घेण्याची ऐपत लोकांत नव्हती. म्हणून किंग्स्टन शहरांत १९५० नंतरच्या दशकांत मोठमोठे ध्वनिक्षेपक अंगणांत मांडून नाच भरविण्याची प्रथा पडली. ड्यूक रीड आणि क्लेमंट 'कॉक्सन' डॉड हे त्यांतील दोन प्रतिस्पर्धी. आरंभीं ते अमेरिकेंतील तबकड्या वाजवीत. पुढें स्वतःच्याच काढूं लागले. डॉड यानें १९६३ सालीं ब्रेंटफर्ड रोडवर 'स्टुडिओ वन' उघडला. प्रथम 'स्का' हा द्रुत प्रकार. १९६६ च्या सुमारास त्याची लय उतरून 'रॉकस्टेडी'. आणि १९६८ च्या सुमारास रेगे. युनेस्कोनें २०१८ सालीं या संगीताची मानवजातीच्या अमूर्त वारशांत नोंद केली.

एका गोष्टीनें माझ्यांतील मास्तर विशेष सुखावला. किंग्स्टनमध्यें अल्फा नांवाची शाळा होती. अनाथ व गरीब मुलगे तेथें राहात. ती ख्रिस्ती जोगिणी चालवीत. त्यांपैकीं सिस्टर मेरी इग्नेशियस यांनीं कित्येक दशकें तेथील वाद्यवृंदाकडे लक्ष दिलें. त्यांचा स्वतःचा तबकड्यांचा संग्रह होता आणि मुलांना बसवून त्या तो ऐकवीत. १९६४ सालीं स्थापन झालेल्या 'स्कॅटलाइट्स' या विख्यात वृंदाच्या संस्थापकांपैकीं टॉमी मॅकूक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर आणि लेस्टर स्टर्लिंग हे चौघे याच शाळेचे विद्यार्थी. बाई २००३ सालीं वारल्या. माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरींत मीं मुलांना किती गाणीं ऐकविलीं, असा प्रश्न मीं स्वतःस विचारला. उत्तर येथें देत नाहीं.

आतां या संगीताची खरी गंमत सांगतों. तेथें एकदां उत्तम ठेका व बेसची चाल जमली कीं तीवर दुसरे गायक नवीं पदें रचतात. या मूळ चालीस 'रिडिम' म्हणतात. स्टुडिओ वनमधील १९६७ सालची 'रिअल रॉक' ही चाल घ्या. तीवर शेंकडों गाणीं झालीं आहेत. पुतण्याला वाटलें, अण्णा याला चोरी म्हणतील. मी उठलों आणि कपाटांतून जुनें 'संगीत शाकुंतल' काढून त्याच्यापुढें ठेविलें. १८८० सालीं रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकाच्या काळापासून आपल्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून जुन्या गाण्याचें नांव छापीत आले आहेत. कानडी, लावणीची, साकीची—चाल जुनी, पद नवें. आणि त्यांत कोणास कमीपणा वाटला नाहीं. पोरगा म्हणाला, "म्हणजे रिडिमच कीं!" मीं म्हटलें, "म्हणजे चालच. आधीं आमची, मग त्यांची." एवढा अभिमान क्षम्य मानावा.

'डब' हा त्याच्या पुढचा प्रकार. त्याची कथा अशी सांगतात: १९६७-६८ च्या सुमारास ड्यूक रीडच्या कारखान्यांत 'पॅरागन्स' या त्रिकुटाच्या एका गाण्याची तबकडी कापतांना बायरन स्मिथ या तंत्रज्ञाकडून गायकांचा आवाज घालावयाचा राहून गेला. रडी रेडवुड या नाच भरविणाऱ्यानें तीच तबकडी टाकून न देतां नाचांत लावली, आणि शब्द नाहींत असें पाहून जमलेले लोक स्वतःच गाऊं लागले! पुढें तबकडीच्या मागल्या बाजूस अशी निःशब्द आवृत्ति घालण्याची रीतच पडली. हें शास्त्र पूर्णत्वास नेलें किंग टबी यानें. खरें नांव ऑस्बोर्न रडॉक. धंदा रेडिओ दुरुस्तीचा. आईच्या घरांतील एका खोलींत त्यानें आपलीं यंत्रें मांडलीं. गायकाला उभें राहण्यास न्हाणीघर. तेथें बसून तो तयार गाण्यांतून आवाज काढून घेई, गिटार काढून घेई, केवळ ठेका आणि बेस ठेवी. मग एखादाच शब्द सोडून तो गाभाऱ्यांतील घंटेप्रमाणें घुमवी. १९८९ च्या फेब्रुवारींत घराबाहेर कोणी त्याच्यावर गोळी झाडली आणि त्याचा अंत झाला.

डब ऐकतांना मला माझा वर्ग आठवला. शार्दूलविक्रीडित शिकवितांना मी फळ्यावरचा श्लोक पुसून टाकीत असें आणि त्याच्या जागीं केवळ लघु-गुरूंच्या खुणा ठेवीत असें. मुलें टाळ्यांवर त्या खुणा म्हणत. शब्द गेल्यावरच वृत्त दिसूं लागतें. किंग टबी फळा पुसत होता, एवढेंच.

घरांत प्रथम ऐकावयाची तबकडी कोणती, असें कोणी विचारल्यास मी ऑगस्टस पाब्लो याची 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन' ही १९७६ सालची सुचवीन. पाब्लो मेलोडिका वाजवी. हें मुलांच्या सरावाकरितां केलेलें वाद्य. पेटीप्रमाणेंच पट्ट्या आणि स्वरांच्या जिव्हा, मात्र भाता नाहीं, वारा तोंडानें फुंकावयाचा. त्या खेळण्यांतून या मनुष्यानें जी करुणा काढली तिनें आमच्या वहिनी पोळ्या लाटावयाच्या थांबल्या. दुसरी, 'अबिसिनियन्स' या तिघांचें 'सत्ता मस्सगना'. १९६९ सालीं तें मुद्रित झालें, पण मालकानें तें फळीवरच ठेविलें. अखेर गायकांनींच मूळ फीत विकत घेऊन १९७१ सालीं तें प्रसिद्ध केलें. आज तें त्या पंथाचें स्तोत्र मानलें जातें. शीर्षक इथिओपियाच्या भाषेंतलें, ईशस्तुतीचें.

तिसरी तबकडी मुलींनीं अवश्य ऐकावी. १९८० नंतर 'डान्सहॉल' नांवाचा प्रकार पुढें आला. त्यांत तयार चालीवर वक्ता लयींत बोलतो. हें क्षेत्र पुरुषांचें. त्यांत सिस्टर नॅन्सी ही विशीची मुलगी उभी राहिली आणि १९८२ सालीं, १९७३ च्या 'स्टॅलॅग' या चालीवर, 'बॅम बॅम' म्हणाली. संग्रहास एक गाणें कमी पडत होतें म्हणून तें घातलें गेलें! पुढें तें जगभर वाजलें, चित्रपटांत गेलें. तिच्या सांगण्याप्रमाणें तीस वर्षांहून अधिक काळ तिच्या हातीं त्याचा मोबदला आला नाहीं. अमेरिकेंत ती एका पेढींत हिशेबनिसाचें काम करीत होती. एका जाहिरातींत स्वतःचें गाणें ऐकून तिनें २०१४ सालीं वकील केला आणि तिला कांहीं हक्क परत मिळाले. चाल सर्वांची असावी, हें मला मान्य आहे. परंतु जिनें पद म्हटलें तिची भाकरी तिला मिळाली पाहिजे.

चौथी, १९८५ सालची 'स्लेंग टेंग'. वेन स्मिथ गायक, किंग जॅमी निर्माता. हिच्यांत वादक कोणी नाहीं. सारा ठेका एका कॅसिओ पेटींतला, कळ दाबल्यावर आपोआप वाजणारा. आपल्याकडेहि मुंजींत बटूला कॅसिओ देण्याची चाल आहे. पण त्या कळीमागें कोण आहे, हें कोणास ठाऊक असतें? ती चाल जपानांतील ओकुदा हिरोको या बाईंनीं कंपनींत नव्यानें रुजू झाल्यावर रचली होती. विद्यार्थिदशेंत त्यांनीं प्रबंध लिहिला होता तो रेगेवरच.

सर्वच तबकड्या घरांत लावाव्या असें मी म्हणत नाहीं. डान्सहॉलमध्यें बीभत्स पदें पुष्कळ आहेत आणि धुराचें माहात्म्यहि फार. पुतण्यानें तीं वेगळीं ठेविलीं आहेत. निवड हा वडीलधाऱ्यांचा अधिकार आहे. मात्र निवड करावयाची तर आधीं ऐकावें लागतें, आणि मीं जिन्यांतून ओरडतांना ऐकलें नव्हतें.

एके रात्रीं जेवणानंतर पुतण्यानें सहज विचारलें, "अण्णा, आजोबांच्या तबकड्या होत्या म्हणतात, त्या कोठें आहेत?" बंधूंनीं मान खालीं घातली. आमच्या वडिलांजवळ नाट्यपदांच्या चाळीसएक तबकड्या होत्या. १९८७ सालीं घराची दुरुस्ती निघाली, तेव्हां अडगळ म्हणून मीं त्या भंगारवाल्यास दिल्या. बंधु त्या वेळीं नागपुरास होते. दिवाळीस आले, रिकामा कोनाडा पाहिला, आणि त्याविषयीं त्यांनीं आजतागायत एक अक्षर काढलें नाहीं. मीहि काढलें नव्हतें. त्या रात्रीं सर्वांसमक्ष मीं सांगितलें, "मीं विकल्या. कोणास विचारलें नाहीं. चूक झाली."

कोणी बोलेना. थोड्या वेळानें बंधु म्हणाले, "पेटी काढा, अण्णा." वडिलांचें आवडतें पद आम्हीं दोघांनीं धरलें. ध्रुपद आलें, अंतऱ्याचे शब्द दोघांनाहि आठवेनात. बंधूंनीं नुसत्या आकारानें तो पुरा केला. चाल मात्र एकाहि जागीं चुकली नाहीं. पुतण्यानें फोनवर तें उतरवून घेतलें आहे.

वाचकांस विनंति एवढीच: घरांत जुन्या तबकड्या असतील तर त्या वजनावर देऊं नका. उभ्या ठेवा, आडव्या रचूं नका. उन्हापासून दूर, कागदी पाकिटांत ठेवा. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीस नव्या यंत्राची बारीक सुई लावूं नका. तिला जाड सुई निराळी लागते. आणि घरांतील तरुण मंडळी कांहीं अपरिचित वाजवूं लागली तर पांच मिनिटें बसा. वडिलांचें तें पद कोणतें, हें मीं मुद्दाम लिहिलें नाहीं. कोणाच्या घरीं किर्लोस्कर मंडळीच्या पदांच्या जुन्या तबकड्या असतील तर कृपया कळवावें. अंतरा ऐकावयाचा राहिला आहे.