आईला एचआयव्ही म्हणजे बाळालाही होणारच का?

आपल्या पालकसभेला येणाऱ्या मातांपैकी एखाद-दुसरी तरी गरोदर असते. म्हणून हा विषय फक्त दवाखान्याचा आहे, असं मला वाटत नाही.

"आईला एचआयव्ही आहे, म्हणजे बाळालाही होणारच" असं शिकलेल्या घरातही सर्रास बोललं जातं. हा समज चुकीचा आहे. पोटात आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, मध्ये वार असते. तरीही गरोदरपणात, बाळंतपणाच्या वेळी किंवा नंतर अंगावरच्या दुधातून विषाणू बाळापर्यंत पोहोचू शकतो. उपचार नसतील तर १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते. आई आणि बाळ दोघांना वेळेवर औषधं मिळाली, तर हे प्रमाण ५ च्याही खाली येतं.

उपचार नसतील तर बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं जन्मण्याचा धोकाही वाढतो. लागण झालेल्या बाळांना औषध मिळालं नाही, तर त्यातली जवळजवळ निम्मी दोन वर्षांची होण्याआधीच दगावतात.

म्हणून दिवस राहिल्याचं कळताच तपासणी हवी. पहिल्या वेळी केली असली तरी दुसऱ्या खेपेलाही हवी, आणि नवऱ्याचीही हवी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि एआरटीची औषधं मोफत मिळतात. जन्मानंतर बाळालाही काही आठवडे औषध देतात. त्याची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी होते, पण पक्कं निदान साधारण १८ महिन्यांनंतर होतं. तोवर कुणी त्या लेकरावर शिक्का मारू नये.

मग बायका तपासणी का टाळतात? 'लोक काय म्हणतील' या भीतीने. ही कुजबुज कधी कधी शाळेच्या फाटकापाशीही चालते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने शिक्षणात असा भेदभाव करायला मनाई केली आहे. पण कायदा कुजबुज थांबवू शकत नाही, ती आपणच थांबवायची.

माझं मत स्पष्ट आहे. एकत्र डबा खाल्ल्याने, एका बाकावर बसल्याने एचआयव्ही होत नाही, हे पालकसभेत मोकळेपणाने सांगावं. कुणाच्या आजाराची माहिती कळलीच, तर ती आपल्यापाशीच ठेवावी. आपण तोंड सांभाळलं, तर एखादी आई न घाबरता तपासणीला जाईल आणि तिचं बाळ वाचेल.